एकशे बारा राखाडी चौकोन

मला राखाडी रंगाची शिसारी आहे. कंटाळा नव्हे, नावड नव्हे, शिसारी. ताकाच्या तळाशी पालीचं शेपूट सापडल्यावर पोटातून जे वर येतं, ते. रंगाऱ्यानं एकदा भिंतींसाठी राखाडी छटांचं कार्ड पुढं केलं, तर मी त्याला चहा न पाजता घालवला. आणि कोल्हापुरात माणसाला चहा न पाजता घालवणं ही काय पातळी आहे हे इथल्यांना सांगायला नको. बायकोनं हौसेनं राखाडी काठाची साडी आणली, ती माझ्या बहिणीच्या अंगावर गेली. भावाला अचानक एवढं प्रेम कसं फुटलं, असं बहीण अजून विचारते.

ही शिसारी ज्याच्यामुळं जन्माला आली तो माणूस पांढऱ्या टोपीचा, खिशात पोलादी पट्टी खोचलेला, एक म्हातारा पॅटर्नमिस्त्री होता. ओतकामाच्या कारखान्यात बिडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती करतात, ती वाळूत दाबून साचा उठवतात आणि साच्यात तापलेला रस ओततात. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. उद्यमनगरात ह्या मिस्त्रीच्या हाताबद्दल लोक जे सांगत ते मी निम्मं कमी करून सांगतो. त्याच्या अंगठ्याच्या पेराला मिलीमीटर कळत असे. जेवायला बसला की ताटातली भाकरी बोटानं एकदा गोल फिरवून तो बायकोला म्हणे, "डाव्या अंगाला दीड मिली जास्त हाय." त्या माऊलीनं एकदा चिडून मोजलं. दीडच निघालं. त्या दिवसापासून तिनं त्याला नुसता भात वाढायला सुरुवात केली.

माझं दुकान उद्यमनगराच्या तोंडाशी. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, सोसायट्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा, असलं सगळं मी संगणकावर जुळवून देतो. एका सोमवारी, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, मिस्त्री लेकीला घेऊन आत आला. लेक कागलच्या एमआयडीसीत इंजिनिअर. मिस्त्रीच्या काखेत तेलकट पुठ्ठ्याची एक जाडजूड वही होती.

"पावणं," तो म्हणाला, "ह्या वहीचं पुस्तक करायचं हाय. हुईल का?"

"होईल की."

"नुसतं हुईल न्हवं. बराबर हुईल का?"

वहीत त्याच्या चाळीस वर्षांच्या कामाची एकशे बारा चित्रं होती. कप्प्या, झडपा, फिरत्या दांड्याभोवती बसणारे बुश, पंपाची झाकणं. पानावर मावतील एवढीच, पण खऱ्या मापात. शिकणाऱ्यानं पुस्तकातलं पान थेट लाकडावर ठेवावं आणि गिरवावं, असा त्याचा बेत. लेक सोडली तर त्यानं ही वही आयुष्यात कुणाला उघडून दाखवली नव्हती. येत्या खंडेनवमीला तो दुकान कायमचं बंद करणार होता, आणि लेकीनं दोन वर्षं पाठपुरावा करून त्याला ह्या पुस्तकापर्यंत आणला होता. त्याची अट मात्र एकच.

"बराबर झालं तर खंडेनवमीला हत्यारांच्यात पुस्तक पुजायचं. न्हाय झालं तर वही भट्टीत टाकतो. चुकीचं शिकून पोरांनी माल वाया घालवायचा, त्यापरास न शिकलेलं बरं."

"अप्पा, असं नका ओ बोलू," लेक म्हणाली.

"तुला काय, तू बिल्डिंगीत बसतीस. रस अंगावर उडतो तो ओतणाऱ्याच्या."

दीड महिना हातात होता. मी छाती पुढं काढून हो म्हटलं. आजपर्यंत माझ्या छातीनं मला जेवढं गोत्यात आणलंय तेवढं माझ्या तोंडानंही आणलेलं नाही, आणि माझं तोंड तुम्ही ऐकताच आहात.

लेकीनं वहीतली सगळी चित्रं सुट्ट्या खर्ची घालून संगणकावर पुन्हा काढली होती. व्हेक्टर चित्रं. म्हणजे त्यात ठिपके नसतात, रेषांचं गणित असतं. बांगडीएवढं वर्तुळ रंकाळ्याएवढं केलं तरी कड फुटत नाही. मी मजकूर जुळवला, चित्रं जागोजागी बसवली, आणि पडद्यावर काय आलं? राखाडी चौकोन. कप्पीच्या जागी राखाडी चौकोन, झडपेच्या जागी राखाडी चौकोन, आत फाइलचं नाव आणि एक फुली. शवागारातल्या ट्रेचा असतो ना, तो राखाडी. एकशे बारा.

नेमका त्याच वेळी मिस्त्री बघायला आला.

"हे काय हाय?"

"तुमची चित्रं."

"माझी? ह्यो तर फरशीवाल्याचा कॅटलॉग हाय! ह्यातली कप्पी कुठली आणि झडप कुठली?"

"आत नाव लिहिलंय बघा."

"नाव वाचून पॅटर्न करत्यात व्हय रं? तुझं लगीन ठरवताना बायकोच्या जागी असा चौकोन दावला असता आणि आत नाव लिहिलं असतं, तर केलं असतंस?"

पावणं संपलं, अरे-तुरे सुरू झालं, हे मी ओळखलं.

त्यानंतरचा आठवडा आठवला की अजून जिभेवर बुरशीची चव येते. इंटरनेटवर एक जागा असते, तिथं जगभरातले हताश लोक एकमेकांना चुकीचे सल्ले देतात. माझाच प्रश्न तिथं शंभर जणांनी विचारला होता. पहिलं उत्तर, संगणक बंद करून सुरू करा. दुसरं, प्रोग्राम काढून पुन्हा टाका. तिसरा कोणी एक महात्मा लिहितो, 'माझा प्रश्न सुटला, आभार!' कसा सुटला ते लिहिलेलंच नाही! असल्या माणसाला शाहूवाडीच्या डोंगरात सोडावं, परतीचा रस्ता सांगू नये, आणि वरून ओरडावं, 'मला सापडला, आभार!' मी मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "सर, स्क्रीनवर आपल्याला काय दिसतंय?" मी म्हटलं, "राखाडी." त्या म्हणाल्या, "आणखी काही, सर?" मी म्हटलं, "माझं मरण." त्यांनी ते तक्रारीत नोंदवून घेतलं असावं, कारण पुढं त्यांचा फोन आला नाही.

शेवटी कळलं ते असं. ह्या जातीच्या फाइलीच्या पोटात दोन वस्तू असतात. एक, रेषांचं खरं गणित. दुसरी, त्या चित्राची एक बारकी ठिपक्यांची नक्कल, नुसती पडद्यावर दाखवण्यापुरती. देवळात मूळ मूर्ती गाभाऱ्यात असते आणि पालखीतून उत्सवमूर्ती मिरवते, तसंच. माझा प्रोग्राम गाभाऱ्यात डोकावतच नव्हता. त्याला उत्सवमूर्ती लागायची, आणि लेकीनं फाइली काढताना ती ठेवलीच नव्हती. म्हणून रिकामी पालखी, म्हणजे राखाडी चौकोन. लेकीनं बिचारीनं एकशे बारा फाइली नकलेसकट पुन्हा काढून दिल्या. मी त्या पुन्हा बसवल्या. चौकोन गेले, चित्रं आली. मी मिस्त्रीला अभिमानानं बोलावलं.

मिस्त्री पडद्याला नाक लावून उभा राहिला. त्या नकलेत ठिपके इतके ढोबळ होते की वर्तुळाच्या कडेला पायऱ्या पडल्या होत्या.

"ही कप्पी? उंदरानं कुरतडल्याली भाकरी दिसालीया."

"मिस्त्री, हे फक्त दाखवायचं चित्र. छापताना नीट येतंय."

"म्हंजे डोळ्याला खोटं आणि कागदाला खरं? मंग मी काय डोळं मिटून बसू?"

"थांबा, छापूनच दाखवतो."

मी रुबाबात बटण दाबलं. माझ्या प्रिंटरनं खोकत खोकत पान बाहेर टाकलं, आणि त्याच्यावरही तीच कुरतडलेली भाकरी! माझ्या प्रिंटरला त्या रेषांची भाषाच येत नव्हती. त्या गधड्यानं गाभारा सोडून उत्सवमूर्ती छापली होती. मिस्त्रीनं पान दोन बोटांत धरलं, मेलेली घूस धरावी तसं.

"कागद बी लबाड निघाला की रं तुझा," एवढंच म्हणून तो गेला. त्याचा आवाज एरवी तीन गल्ल्या ओलांडून जातो. तेवढं वाक्य तो हळू बोलला, आणि मला ते भोंग्यावरून सांगितल्यासारखं लागलं.

इलाज अखेर सापडला आणि तो इतका साधा होता की मला स्वतःचीच किळस आली. एकेक फाइल आधी पीडीएफमध्ये फिरवायची, आणि ती पीडीएफ पानावर बसवायची. माझा प्रोग्राम पीडीएफच्या रेषा स्वतः वाचून दाखवत होता. नकलेची भानगडच नाही, गाभाऱ्याचं दारच उघडं. तिसऱ्यांदा एकशे बारा. माझ्या उजव्या हाताचं माउसचं बोट त्या आठवड्यात बाकीच्या बोटांपेक्षा पाव इंच लांब झालं. खोटं वाटत असेल तर या, दाखवतो. पण पडद्यावर रेषा आली ती केसासारखी, आणि कागदावरही तशीच.

मिस्त्री आला. पडद्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. कागद उचलला, उजेडात धरला, आणि पहिल्यांदाच त्याची मान हलली. "कड बरी आली." मी खुर्चीतून अर्धा उठलो. तेवढ्यात त्यानं खिशातली पोलादी पट्टी काढून कप्पीवर टेकवली.

"शंभर पायजे. नव्व्याण्णव हाय."

"कसं शक्य आहे?"

"मला काय इचारतोस? पट्टीला इचार."

तो गेल्यावर मी माझी पट्टी काढली. प्लॅस्टिकची, एका लॅबनं रक्त तपासल्यावर फुकट दिलेली. तिनं शंभर सांगितलं. म्हटलं, फुकटच्या पट्टीचं काय ऐकायचं. बाजारात जाऊन एक लाकडी आणि एक स्टीलची आणली. दोघींनी शंभर सांगितलं. तरी मी तीन दिवस प्रिंटरच्या मागं लागलो. 'पानात बसवा' हे पर्याय बंद केले, कागद बदलला, शेजारच्या दुकानातून छापून आणलं. शंभर, शंभर, शंभर. निष्कर्ष सरळ होता. म्हाताऱ्याची पट्टी चुकीची आहे. चाळीस वर्षं वापरून वापरून ताणली गेली असणार.

आता हे त्याला सांगणार कोण? पॅटर्नमिस्त्रीला तुमची पट्टी चुकीची आहे म्हणणं म्हणजे तालमीत शिरून वस्तादाला, तुमच्या मांड्या भाड्याच्या आहेत, असं म्हणणं. खंडेनवमी आठवड्यावर. मी मग जे केलं ते लिहिताना आजही घाण वाटते. एकशे बाराच्या एकशे बारा चित्रं मी गुपचूप शंभराला एक टक्का मोठी केली. म्हातारा खूश होईल, पुस्तक पुजलं जाईल, आणि एक मिलीमीटरनं जगबुडी होत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री लेकीला घेऊन आला. बगलेत वही, हातात कापडी पिशवी. पट्टी टेकवली कप्पीवर. शंभर. झाकणावर. बरोबर. झडपेवर. बरोबर. दर पानाला तो 'हां' म्हणायचा, आणि दर 'हां'ला माझी ती गोत्यात आणणारी छाती इंचभर वर यायची. लेकीच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी उजेड पडत होता. मग पितळी बुशाचं पान आलं. मिस्त्रीनं हातातली पट्टी खिशात ठेवली आणि पिशवीतून दुसरी काढली.

"अर्धा मिली कमी."

"पट्टी का बदलली?" मी विचारलं.

"पितळ हाय की. पितळंला बिडाची पट्टी लावतोय व्हय?"

लेक एकदम स्टुलावर बसली. "अप्पा, वहीतली चित्रं तुम्ही श्रिंकेजच्या पट्टीनं काढलीत?"

"मंग काय शाळंतल्या पट्टीनं काढणार?"

तिनं मला समजावून सांगितलं, पण बोलत होती स्वतःशीच. धातूचा रस थंड होताना आकसतो. म्हणून पॅटर्न आकसण्याएवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नमिस्त्रीची पट्टीच मुळात मोठी असते. तिच्यावरचे शंभर हे आपले एकशे एक. बिडाची वेगळी, पितळेची वेगळी, अॅल्युमिनियमची वेगळी. मिस्त्रीनं चाळीस वर्षांत खिशात साधी पट्टी ठेवलीच नव्हती, हात चुकतो म्हणून. आणि वहीतला शंभर हा आकडा लेकीनं आपल्या कंपनीतल्या सवयीनं साधा शंभर धरला होता. इतक्या दिवसांत तिनंही बापाला विचारलं नव्हतं, मीही नव्हतं.

मग तिनं मान वर केली. इंजिनिअर पोर, ती. "पण मी तर साधे आकडे दिले होते. मग बिडाची पानं बरोबर कशी आली?"

मी म्हटलं, "हवा दमट आहे ना, कागद फुगला असणार."

"कागद फुगला?" मिस्त्री म्हणाला. "सगळी पानं, शंभराला येकच? तुझा कागद लै शिकल्याला दिसतोय."

मग मी सांगून टाकलं. पट्टी चुकीची वाटली, बोलायचं धाडस झालं नाही, चोरून मोठी केली. माझा खोटेपणा बिडापुरता खरा निघाला होता, ह्याचं मला तेव्हा हसूही आलं नाही.

"माझी पट्टी चुकल्याली हाय असं वाटलं तुला," मिस्त्री म्हणाला, "आणि तू मला हां हां म्हनू दिलंस? पोरांनी त्याच्यावर लाकूड कापलं असतं!" त्यानं वही उचलली. राखाडी बघून माझ्या तोंडावर येते ती शिसारी त्याच्या तोंडावर दिसत होती, आणि ती माझ्याबद्दलची होती. "चल गं. आज भट्टी चालू हाय."

"अप्पा!"

तो उंबऱ्याशी पोचला. माझ्या डोक्यात सबबी सतरा होत्या, पण तोंडातून भलतंच निघालं.

"मिस्त्री, पितळेला शंभराला किती धरायचं?"

तो थांबला. वळला नाही.

"दीड."

"आणि अॅल्युमिनियमला?"

"येक पॉइंट तीन." मग वळला. "पर जाडीवर बी असतंय. पातळ झाकणाला मी जरा कमी धरतो. ते वहीत लिवल्यालं न्हाय."

"मग कुठं आहे?"

त्यानं बोटानं टोपीवर टकटक केलं. मग आत आला, स्टूल ओढलं, आणि वही मांडीवर न ठेवता माझ्या टेबलावर ठेवली.

"बटनं तू दाब. धातू मी सांगतो. आणि मधी श्याणपना केलास तर ही पट्टी पाठीत बसंल, बिडाची."

पुढचे तीन दिवस सकाळपासून दिवे लागेपर्यंत तो माझ्या उजव्या खांद्यावर तंबाखूचा वास सोडत बसला. पाचव्यांदा एकशे बारा, चोरून केलेली धरून. "बीड. हां. बीड. हां. पितळ, अरं पितळ, कान हाईत का भोकं?" लेकीनं प्रत्येक पानाखाली धातू आणि आकसण्याचं प्रमाण लिहिलं, वहीत नसलेलं असं तो जे बडबडायचा तेही लिहून घेतलं. तो एकदा विसरून त्याचीच पट्टी दुकानात ठेवून गेला, आणि मी तिच्यानं मोजून एका लग्नाच्या तीनशे पत्रिका कापल्या. एकही पाकिटात जाईना. ती शिसारी वेगळी, तिच्याबद्दल परत कधी.

खंडेनवमीला त्याच्या दुकानात पाटावर रंधे, पटाशी, करवत, तिन्ही पट्ट्या मांडल्या होत्या. झेंडूनं सगळं झाकलेलं. मधोमध पुस्तकाची पहिली प्रत, आणि तिच्या शेजारी ती तेलकट वही, जळालेली नाही, धडधाकट. शेजारपाजारचे मिस्त्री जमले होते. म्हाताऱ्यानं पुस्तक उघडलं, पितळी बुशाचं पान काढलं, पितळेची पट्टी लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शंभर." मग ओल्या हळदी-कुंकवात अंगठा बुडवून त्यानं तो नेमका त्या चित्राच्या कडेवर दाबला.

मी दात आवळले. दीड महिना खपून आणलेली केसासारखी रेष, आणि तिच्यावर तो लाल, गिळगिळीत, पाणी सुटलेला अंगठा. कुंकू कागदात पसरत पार बुशाच्या भोकापर्यंत गेलं. लेक माझ्याकडं बघून हसली. मी नाक मुरडलं, पुढं झालो, आणि माझाही अंगठा बुडवला.